वादळ शमल्यावर

दातांच्या दवाखान्यात पाऊल टाकताच बाईंची दाढ दुखायची थांबली. पर्स उचलून त्या गुपचूप सटकणार, तोच शेजारच्या बाकावरचं बोलणं कानावर आलं. तिथे गाल सुजलेला एक गृहस्थ आणि त्याचा मेहुणा बसले होते.

"दाजी, तुमच्या केंद्रातला उपग्रह बंद पडला कसा?"

"माझ्या शहाणपणामुळे. सूर्याच्या वादळानं पृथ्वीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र हादरलं, तेव्हा त्याची यंत्रं बंद करून त्याला नीट झोपवून ठेवलं होतं. वादळ शमल्याबरोबर म्हटलं, करा चालू."

"मग बरोबरच की."

"अरे, वादळात ढवळलेले विद्युत कण नंतरच वेग धरतात. सगळं शांत झालं की आत घुसून यंत्र जाळतात. नव्या पोरांना हे मीच शिकवतो."

"आणि दाताचं काय?"

"दुखायचा थांबला, म्हणून मागच्या आठवड्यात आलोच नाही. आता गाल बघ."

"ताई काय म्हणाली?"

"काल तोंडाचा पट्टा चालू होता. आज सकाळपासून एकदम शांत आहे."

"चला, मिटलं म्हणायचं."

"मिटलं कसलं? आज मी तुझ्याकडे जेवायला येतोय."

बाईंनी पर्स मांडीवर ठेवली आणि त्या पुन्हा नीट टेकून बसल्या.