पातेल्यातलं जाकीट

(स्वयंपाकघर. गॅसवर मोठं पातेलं. आई लाकडी दांड्यानं ढवळते आहे.)

मुलगी : अगं, तुलाच विचारतेय! दादाचं जाकीट कुठेय? सगळं कपाट उपसलं त्यानं.

आई : असेल कुठेतरी. मध्येमध्ये करू नकोस, अंगावर उडेल.

मुलगी : आणि हे काय उकळतेयस?

आई : जुने कपडे. विटलेत, म्हटलं काळे करून टाकावेत.

मुलगी : दांडा वर कर बघू... आई! हेच ते जाकीट. गेल्या महिन्यात घेतलंय, जुनं कुठलं?

आई : हळू बोल. शेजारीणबाई गॅलरीतच असतात.

मुलगी : म्हणजे तुला कळलंय.

आई : दुकानात बेकरीवाल्याची बायको भेटली. नवऱ्याच्या पायाची दोन हाडं मोडलीत म्हणाली, धडक देऊन स्कूटरवाला थांबलासुद्धा नाही. नंबर दिसला नाही, नुसतं पिवळं जाकीट दिसलं. मला विचारते, तुमच्या पाहण्यात कुणाचं आहे का हो तसलं?

मुलगी : तू काय म्हणालीस?

आई : नाही म्हणाले. तोंडावर. आणि वर तिचीच पिशवी उचलून दिली.

मुलगी : हे दादानं करायला सांगितलं?

आई : तो कशाला सांगतोय! दोन दिवस ताटावर नुसता बसून उठतो. आई आहे मी, मला कळत नाही होय? मूठभर मीठही घातलंय, रंग पक्का बसेल.

मुलगी : कुठे बसलाय? शिलाई बघ. खांद्याची, खिशांची... सगळी पिवळीधमक.

आई : अजून उकळू दे, धरेल.

मुलगी : नाही धरणार. दोरा पॉलिएस्टरचा आहे, जन्मभर उकळलंस तरी तसाच राहील.

आई : मग उसवते. दे ती कात्री.

मुलगी : नाही देणार.

आई : दे म्हणते ना! नोकरीला लागून सहा महिने झालेत त्याला. सगळ्यावर पाणी फिरेल, कळतंय का तुला?

मुलगी : आई, त्याला ते अंगात घालायला नकोय. चौकीत नेऊन द्यायचंय. आधी बेकरीवाल्यांच्या घरी जाणार, मग तिकडे. सगळं सांगणार आहे.

आई : डोकं फिरलंय का त्याचं? कुणीसुद्धा ओळखलं नाही त्याला!

मुलगी : ‘काका पडल्या पडल्या हात वर करून हाक मारत होते आणि मी गाडी दामटली.’ सकाळपासून तेवढंच बोलतोय.

आई : तू अडव. तुझं ऐकतो तो.

मुलगी : मी बरोबर जातेय त्याच्या. बूट घालून दारात बसलाय.

आई : आणि हे असं काळं, ओलं नेलंत तर विचारणार नाहीत?

मुलगी : विचारतील. आईनं रंगवलं म्हणून सांगू.

आई : गॅस बंद कर. पिळून देते.

मुलगी : थांब, हात भाजेल.

आई : भाजू दे. तू कपाटातला बाबांचा स्वेटर काढ. किती वेळ बसवून ठेवतील कोण जाणे, गारठेल तो.