पोट सुनेचं, उत्तर सासूचं

हसा, पण बेतानं, चहा सांडाल. सोलापूरच्या दवाखान्यात मी पाय मोडून पडले होते. शेजारच्या खाटेवर सांगोल्याकडची एक पोर कण्हत होती, उशाशी तिची सासू.

नर्सबाईनं पोरीला विचारलं, "कुठं दुखतंय?"

सासू म्हणाली, "पोटात. वांगं बाधलंय."

"कधीपासून?"

"कालधरनं," परत सासूच.

मी म्हणाले, "मावशी, पोट तुमचं का सुनेचं?" सगळ्या बाया खिदळल्या.

नर्सबाईनं सासूला पाणी आणायला पिटाळलं. "आता तू सांग, बाळ. खरं कळल्याबिगर डॉक्टर औषध कसं देणार?"

पोर पुटपुटली, "आत्याबाई येऊ द्या की. त्या सांगतील."

दुसऱ्या दिवशी पोर दगावली.

नर्सबाई सासूवर कडाडली, "इतकं दुखत होतं, तर आधी का नाही आणलंत?"

सासूनं कपाळ बडवून घेतलं. "मला काय ठावं, बाई? ती कधी बोललीच न्हाय!"