सहा पंप आणि एकच खूण

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे मालक श्री. विश्वजीतसाहेब, शालीत घामाघूम झालेले, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती हंबीरराव, जतच्या पाणीयोजनेवरून पंप चालू-बंद करणारं पॅनेल न्यायला आलेले पंपचालक नाथाजी, आणि मिरजेच्या या हॉलमध्ये पंख्याखालच्या जागा धरून बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

चाचणी विभागाची प्रमुख म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. गोड बोला, असंही सांगितलं आहे. ते मला कधी जमलं आहे का?

आधीच्या वक्त्यांनी हंबीररावांना पुनर्वापराचे महर्षी म्हटलं. टाळ्याही पडल्या. पाहुण्यांना कळावं म्हणून सांगते. पॅनेल बांधण्याआधी आपण संगणकावर यंत्राची नक्कल लिहितो. पंप कधी बंद, कधी चालू, कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाईल, ते सगळं. पॅनेल मग त्याच बरहुकूम चालतं. त्या भाषेत एक फार चांगली सोय आहे. पंपाची व्याख्या एकदा लिहायची आणि तिच्यावरून हवे तेवढे पंप काढायचे, हाच तो पुनर्वापर. अट एवढीच की ज्याचं त्याचं जे असेल ते व्याख्येच्या आत लिहायचं आणि सगळ्यांचं मिळून जे असेल तेवढंच बाहेर ठेवायचं. हे पहिल्याच धड्यात आहे. हंबीररावांनी पुस्तक बहुधा दुसऱ्या धड्यापासून उघडलं.

जतच्या योजनेत सहा पंप आहेत. मोटर बंद झाली की पाइपातलं पाणी मागे येतं आणि पंप काही वेळ उलटा फिरतो. उलटा फिरता पंप पुन्हा सुरू केला तर शाफ्ट, म्हणजे त्याचा फिरता दांडा, तुटतो. म्हणून प्रत्येक पंपाची 'मी आता स्थिर आहे' अशी स्वतःची खूण हवी. आपल्या महर्षींनी ती खूण व्याख्येच्या बाहेर ठेवली. पंप सहा आणि खूण एक! पहिला पंप थांबून खूण करतो. दुसरा अजून गरगर उलटा फिरतोय, पण खूण बघतो आणि सुरू होतो. शेजारी जेवला म्हणून आपण हात धुवायचे, तसला हा कारभार. बरं, संगणकाच्या तपासणीत हे दिसलं का नाही? कारण तपासणीही तीच खूण बघून होकार देत होती.

मी हंबीररावांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, "तुम्ही दोन पंप एकत्र चालवून पाहिलेत का?"

"एका पंपावर चाललं न्हवं बाई? मग सहावर बी चालंल की. पंप त्योच हाय."

"पंप तोच नाही. व्याख्या तीच आहे."

"आवं, आता कशाला शंका काढताय? नारळ फुटलाय."

नारळ! आपल्याकडची ही थोर रीत. पॅनेलला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पेढे वाटले की मग त्याला कोणी हात लावायचा नाही, अपशकुन होतो. मी पूजेच्या विरोधात नाही. माझ्या स्कूटरलाही दसऱ्याला झेंडूचा हार असतो. पण हाराने ब्रेक लागत नाहीत, एवढी अक्कल मला आहे. इथे चाचणीच्या आधी नारळ फुटतो, आणि फुटल्यावर चाचणीला मज्जाव. इंजिनिअर म्हणवणाऱ्या माणसांनी असं वागावं याची मला लाज वाटते. आज तर निरोपाचा मुहूर्त साधायचा म्हणून हार घातलेला ट्रक दारात उभा केलाय. सत्कारमूर्तींच्या हस्ते हिरवा झेंडा दाखवायचा आहे म्हणे.

मघाशी चहाच्या वेळी मी नाथाजींना विचारलं, पंप सुरू होताना तुम्ही कुठे असता? ते म्हणाले, "कुठं म्हंजे? पंपाच्या शेजारीच. आवाज ऐकाय लागतो की."

हंबीरराव, तुमचा शाफ्ट तुटेल तेव्हा हे गृहस्थ हातभर अंतरावर असतील. तुम्ही तोवर आष्ट्याला घरच्या सोप्यात पेपर वाचत बसलेले असाल. तुम्हाला सुखाची निवृत्ती लाभो, ती तुमच्यापेक्षा आमच्याच जास्त फायद्याची आहे.

साहेब, तुम्ही घड्याळाकडे बघताय. आवरतेच. पॅनेल बाहेर पडायला चाचणी विभागाची सही लागते आणि ती माझी असते. समारंभानंतर बाई करतीलच, असं तुम्ही सगळ्यांनी धरून चाललात. मी ती केलेली नाही. करणार नाही. खूण आत घ्यायला एक दुपार पुरेल, पण सहाही पंप एकत्र तपासल्याशिवाय ट्रक हलणार नाही. मला नोकरीवरून काढायचं असेल तर माझ्याही निरोपाला हॉल आणि मांडव आजचाच आहे, खर्च वाचेल.

आपण शांतपणे ऐकलंत, निदान उठून गेला नाहीत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं.

आणि नाथाजी, तुम्ही पोटभर जेवा आणि रिकाम्या हातांनी जतला परत जा. पाणी लांबलं म्हणून लोक शिव्या देतील. त्यांना माझं नाव सांगा.