उत्तरेकडची भिंत

अरे, माळा राहू दे, कर्ट, माळ्याचं मला ठाऊक आहे – तिथला ऊब धरायचा भुसा बसून बसून वीतभर उरलाय, उंदरांच्या तीन पिढ्या त्यात नांदल्यात, तिथे काय भरायचं ते भर आणि मोकळा हो. तळघरात पाया आणि भिंत मिळते तिथल्या फटीही बुजव, तिथून वारा शिट्टी घालतो. पण आधी ही खोली बघ. ही, उत्तरेकडची. दिवा लागतो, बटण जरा दाबून धर. ड्वेनची यादी आहे ना तुझ्याकडे? मग त्यात पहिली हीच असणार, खाली तीन रेघा ओढलेली. माझा नवरा आठवड्याला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन कुत्र्याशी, पण यादी करायला बसला की पेन्सिल झिजवतो. उन्हाळाभर तेच चाललंय – घर तापवायची भट्टी पेटायच्या आत घर भुशाने भरून घ्यायचं, भट्टी पेटायच्या आत. सोमवारी गवतावर पहिलं हिव दिसलं, तर हा पायरीवर उभा राहून बघत होता, कॉफी हातात तशीच.

घे, तूही घे कॉफी. तुझ्या त्या पंख्याने माझं स्वयंपाकघर गारठवलंयस – पुढच्या दारात हे एवढं धूड लावायचं, घरातली हवा बाहेर ओढायची, आणि मग बघत बसायचं ती आत कुठून येते! आमच्या वेळी मेणबत्ती धरायचे खिडकीशी. असो. आणि तो कॅमेरा, त्यात गार ते निळं, उबदार ते पिवळं दिसतं, नाही का? मग धर ना या भिंतीवर. निळीच दिसेल. पोकळ आहे ती, मी सांगते तुला, आत काही नाही, नुसती हवा. मी अडतीस वर्षं या घरात आहे, मला कळत नाही होय? ही खोली पहिल्यापासूनच बर्फ. सासूबाई तर रोज कुरकुरायच्या – थंडी गं मार्लिस, थंडी गं मार्लिस. माहितेय ना तुला, इथेच गेल्या त्या. जानेवारीत. याच पलंगावर. तुझी आई आली होती प्रार्थनेला, बटाट्याचं भांडं घेऊन, वर चीज घातलेलं – भांडं अजून माझ्याकडेच आहे, जाताना ने आठवणीनं. डॉक्टर म्हणाले अंगातली ऊब उतरली. एक्क्याण्णव वर्षांचं शरीर, बाहेर शून्याखाली तीस, आणि ही असली भिंत. दुसरं काय व्हायचं?

ड्वेनने मनाला लावून घेतलंय. तो म्हणतो, आईची भिंत भरायची दोन वर्षं मी पुढे ढकलली. म्हणतो कसला, एकदाच म्हणाला, दफनानंतर, गाडीत. तेव्हापासून तो इथे झोपतो, या खोलीत, तिच्या पलंगावर. मी वर. मी विचारलं, का रे बाबा? तर म्हणे, मला कळू दे किती थंडी वाजते ते. आता बोल! साठी उलटलेला माणूस, हाडं दुखतात त्याची, आणि मार्चभर इथे एका पातळ पांघरुणात झोपला. मी म्हटलं, तुझी चूक नाही, भिंतच तशी आहे. भिंतीचंच म्हणाले मी.

काय दिसतंय? पिवळं? सगळीकडे पिवळं? मग तो कॅमेरा अजून गरम झाला नसेल. पुसून बघ.

हे बघ, सासूबाईंचं तुला माहीत नाही. सगळ्या गावाला वाटायचं, लेंपी कांगास म्हणजे देवमाणूस, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर. मी नॉर्वेवाल्यांची ना, मला फिनलंडवाल्यांचं काही येत नाही, हे त्यांनी अडतीस वर्षांत एक दिवस विसरू दिलं नाही. भांडी अशी घासतात होय, बाष्पस्नानाला लाकूड असं रचतात होय. आणि वेलदोड्याचा पाव! तो पाव मला कधी जमलाच नाही त्यांच्या मते. जानेवारीत त्या पडल्या, खुबा दुखावला, आठ दिवस डुलुथला हॉस्पिटलात होत्या. गुरुवारी घरी आणलं. शुक्रवारी पास्टर आले, बरोबर चर्चच्या महिला मंडळाच्या दोन बायका, मी कॉफीबरोबर पाव मांडला – पहाटेपासून मळलेला, कर्ट – तर या उशीला टेकून बसल्या नि सगळ्यांसमोर म्हणतात, मार्लिसचा पाव खाऊ नका, जपून ठेवा, खिडकीच्या फटीत भरला तर वारा यायचा नाही. हसले सगळे. पास्टरही हसले, नंतर खोकल्यासारखं केलं. मीसुद्धा हसले. काय करणार?

ते बटणाचं झाकण कशाला काढतोयस? तार घालून बघतोस होय आत? बघ, बघ. काही लागायचं नाही तारेला.

आणि ड्वेन कुठे होता, तर रस्त्यांवर. वादळ झालेलं, मग ती कडाक्याची थंडी, बर्फ काढायच्या गाडीवर त्याला दुहेरी पाळी. दारातून डोकावायचा, आई बरी आहेस ना, ती म्हणायची हो, की हा अंथरुणात कोसळायचा. तिने त्याला थंडीचं कधी सांगितलं नाही. मला सांगितलं. आता मघाशी मी रोज म्हटलं – रोज नाही. खरं सांगायचं तर, थंडीबद्दल त्या कधी कुरकुरल्या नव्हत्या. बाकी सगळ्यावर कुरकुरल्या, पण खोलीबद्दल शब्द नाही. उलट मिरवायच्या – ही घरातली सगळ्यात उबदार खोली, आर्वोने घर बांधलं तेव्हा पहिल्यांदा हीच भरली, माझ्यासाठी. सासरे म्हणजे. मी कधी कान दिला नाही, त्यांचं सगळंच आर्वोने केलेलं असायचं. त्याच आठवड्यात फक्त म्हणाल्या. थंडी आहे गं. म्हणून मी गोधडी दिली. दोन दिल्या. दिल्या की नाही?

ती जाळी दिसते ना, पलंगाच्या पायाशी जमिनीत, सरकत्या झडपेची, भट्टीची गरम हवा येते ती. ती मी बंद केली होती. त्या हॉस्पिटलात असताना! वापरात नसलेली खोली बंद करायची, जाळी मिटायची, दार ओढून घ्यायचं – इथे सगळेच करतात, तुझी आईपण करते, विचार तिला. आणि मग गुरुवारी त्यांना आणायच्या गडबडीत राहून गेलं. माणूस विसरतो. दार मीच लावून ठेवायचे, त्यांचा रेडिओ, दिवसभर ती भजनं. विसरले मी. एवढंच. कोणीही विसरलं असतं.

हे काय काढलंस? दाखव इकडे.

हं. करडं. कागदाचा भुसा. हे एवढ्याशा जागेतलं असेल, बटणापाशीच. खाली बसला असेल, वर मोकळं असेल. नाही? वरपर्यंत? कुठेच खाली बसलं नाही? इतक्या वर्षांत? ... म्हणजे खरंच भरली होती म्हातारबाबांनी.

बस जरा. बस, खुर्ची घे. मी सांगते. शनिवारी सकाळी मी धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन आत आले, आणि मला दिसली ती जाळी. मिटलेली. पायानं सरकवली असती तरी उघडली असती – टोपलीही खाली ठेवावी लागली नसती. त्या म्हणाल्या, मार्लिस, थंडी आहे गं. गोड आवाजात म्हणाल्या, त्यांच्या मानाने. आणि मी म्हटलं, थांबा, माझा पाव भरते फटीत. आणि कपडे ठेवले, आणि दार ओढून घेतलं. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत राहू दे. जरा कळू दे. संध्याकाळपर्यंतच. मग संध्याकाळी त्या झोपल्या होत्या असं वाटलं, म्हटलं कशाला आवाज करा. रविवारी सकाळी मी आत आले तर खिडकीवर आतून बर्फ. आणि कर्ट, मी आधी जाळी उघडली. त्यांना हातही लावला नव्हता तेव्हा. आधी जाळी उघडली, मग ड्वेनला हाक मारली. तो धावत आला तेव्हा गरम हवा सुटली होती. त्याने तिचा हात धरला, भिंतीला हात लावला आणि म्हणाला, भिंत.

मी फक्त हो म्हटलं.

म्हणून म्हणते, तू लिही की पोकळ आहे. कोणाचं काय जातंय? भोकं पाड, वरून अजून भुसा ठास, दिसायला काम झालेलं दिसेल, तो बघेल, त्याला वाटेल झालं, आईचं काम केलं, आणि येईल वर झोपायला. माझ्यासाठी नको लिहू. त्याच्यासाठी लिही. त्याला आयुष्यभर अपराधी वाटेल म्हणतोस – तसं वाटतंच आहे की, त्याची सवय झालीय त्याला, पण माझं कळलं तर? या घरात दोघंच आहोत आम्ही. दोघंच, कर्ट. एक शब्द आहे, पोकळ, तेवढा लिहायचा –

काय?

ड्वेनला पाठवलंस, भिंत भरलेली आहे म्हणून? कधी? कॅमेऱ्यात पिवळं दिसलं तेव्हाच? मग इतका वेळ तार घालून काय बघत होतास – खात्री? तो म्हणाला होता, त्या भिंतीचं आधी कळव? कधी म्हणाला? महिन्यापूर्वी? एवढंच म्हणाला, की अजून काही विचारलं? ... जाळीचं? मिटलेली जाळी उघडली तर खोली गरम व्हायला किती वेळ लागतो, असं विचारलं त्याने?

आणि तू काय सांगितलंस.

नको. नको सांगूस.

माझाच फोन वाजतोय. राहू दे. हात लावू नकोस, मला माहितेय कोण आहे ते. तो पंखा काढ दारातून, सामान उचल. माळा नको, तळघर नको, काही भरायचं नाही आता. जा म्हणते ना. आणि दार नीट ओढून घे.