यादीतलं सातवं ठिकाण

मुलांनो, कल्पना करा, दीपगृहाच्या तिकिटांच्या रांगेत तुम्ही माझ्याबरोबर उभे आहात. आपल्यापुढे एक आजोबा आहेत, त्यांच्या हातात प्रेक्षणीय स्थळांची यादी आहे आणि शेजारी नात. जरा कान द्या.

“आबा, पाय दुखले.”

“एवढं दीपगृह झालं, की सातही ठिकाणं पूर्ण! वरून अख्खा समुद्र दिसतो म्हणे.”

“किल्ल्यावरूनही दिसला. बागेतूनही दिसला. संग्रहालयात तर चित्रातसुद्धा होता.”

“मग फिटली ना हौस?”

“भिजले कुठे मी?”

“भिजायचं यादीत नाही गं, बाळा.”

“यादी कुणी केली?”

“मीच. चांगला आठवडाभर खपून!”

“आणि आपली बस?”

“पाऊण तासाने. दीपगृह नाहीतर पाणी, एकच काहीतरी जमेल.”

“तुम्ही कधी समुद्रात पाय बुडवलेत, आबा?”

“मी? छे! आमच्या गावाला धड ओढासुद्धा नव्हता.”

“म्हणजे तुम्हीपण कोरडेच!”

रांग पुढे सरकली. आजोबा जागचे हलले नाहीत.

नातीने त्यांच्या खिशातली पेन्सिल काढली, यादीतलं सातवं नाव खोडून तिथे ‘पाणी’ लिहिलं आणि खाली बसून आजोबांच्या बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.