घोड्यावर सांगाडा

…आन् वर ती पत्तेवाली मलाच म्हणती, "चाचा, पत्ते जवाब नहीं देते, आईना दिखाते!" आता आरसाच बघायचा असता तर जळकोटवरनं धाराशिवला एसटीत उभ्यानं कशाला गेलो असतो हो? आरसा घरात हाय की, दाढीचा! माझं म्हणणं एकच… व्हय का न्हाय, येवढं सांगा की!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. हायवेवर माझं पंक्चरचं दुकान हाय. आमच्या धंद्यात कसं, ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडा आला की पंक्चर, न्हाय आला की न्हाय. ट्यूबला कुनी विचारत न्हाय, बाई, तुला आतून कसं वाटायलंय! तर माझी पोरगी समृद्धी, तुळजापूरला दवाखान्यात नर्स हाय, तिला माकणीचं स्थळ आलं. पोरगं निर्व्यसनी, घर खातंपितं, फक्त एक अट, लग्नानंतर नोकरी सोडायची. पोराचा बाप शांतलिंग, त्यांचा रोज सकाळी फोन, "काय मग उत्तरेश्वरराव, कधी कळवताव?" आमची बायको दैवशाला म्हणती, "व्हय म्हणून टाका." पन जिभेवर येईना हो! एकुलती एक पोरगी. व्हय म्हणलो आन् तिचं वाटोळं झालं तर? न्हाय म्हणलो आन् परत असं स्थळ आलंच न्हाय तर? झोप उडाली माझी, तुमाला सांगतो!

पूर्वी असल्या कामाला जागा होत्या. माझ्या लग्नाच्या येळेला येरमाळ्याच्या यात्रंत पोपटवाला बसलेला. पोपट पिंजऱ्यातनं भाईर आला, डुलत डुलत गेला, चोचीनं एक पाकीट ओढलं, आत लक्ष्मीचं चित्र! आमचा बाप म्हणला, करून टाका. झालं लग्न! आता घरात लक्ष्मी आली का न्हाय ते म्या दैवशालेम्होरं बोलत न्हाय… पन भांडण झालं की म्या बी पोपटाला शिव्या देतो, ती बी पोपटालाच देती, आन् संसार चाललाय! यंदा गेलो, तर पोपटवाला नुसती पाकिटं मांडून बसलेला. "मालक, पोपट ठेवायला बंदी हाय. आता तुमीच काढा." म्या काढू? अहो, मलाच काढता आलं असतं तर तुज्यापाशी कशाला आलो असतो?

मग आठवली आमच्या गल्लीतली चाँदबी मौसी. साध्या खेळायच्या पत्त्यावर बघायची. बदाम आला, लग्न जमलं. इस्पिक आलं, मोडा. चौकट पैसा, किलवर कष्ट. पुढं काय विचारलं की, "उठ रे, चुल्हे पे दूध है!" संपला विषय! मौसी वारली, पन तिची नात आफरीन धाराशिवला टॅरो का काय ते बघती म्हणं. म्हणलं, घराण्यातली हाय, इथं तरी व्हय का न्हाय कळंल.

कसलं कळतंय! वासाची मेणबत्ती, जांभळा रुमाल, आन् पत्ते किती? अठ्ठ्याहत्तर! आपली बावन्नात सगळी दुनिया बसती, हिला वर सव्वीस कशाला पायजेत? म्हणली, "चाचा, तीन निकालो." पहिलं काढलं, त्यात एक माणूस उलटा टांगलेला. आता भिंतीवर देवाचा फोटू उलटा दिसला तर आपन गप बसतो का? हात आपोआप जातोय! म्या पान फिरवलं, त्याला पायावर उभं केलं. तर ही केवढ्यांदा ओरडली, "चाचा! वो सीधाच था!" तो उलटा लटकलेला असतो तवाच सुलटा असतो म्हणं, म्या सुलटा केला म्हणून उलटा झाला, आन् आता अर्थ बी बदलला! अहो, आपल्या पत्त्यातल्या राजाला दोन्हीकडनं डोकं असतंय, कसा बी धरा, राजा तो राजाच!

दुसरं पान काढलं… घोड्यावर सांगाडा! लग्नाचं विचारायला गेलो, आन् घोड्यावर कोण, तर सांगाडा! तिथंच शांतलिंगरावांना फोन लावला. "पोराची तब्येत बरी हाय ना?" "ठणठणीत हाय की. का वो?" "न्हाय… सहजच." आफरीन म्हणती, "चाचा, मौत का मतलब मौत नहीं, बदलाव." मग पानाखाली 'डेथ' कशाला, बदल म्हणून लिहा की! सांगाडा कशाला काढताव? व्हय का न्हाय, येवढं सांगा की!

तिसऱ्या पानाला म्या हातच लावला न्हाय. तर ती म्हणली, "वो सब छोडो. समृद्धी क्या बोलती?"

…

अहो, तिला कुठं विचारलं होतं! पोपटवाल्याला विचारलं, पाव्हण्यारावळ्यांना विचारलं, टायर बदलायला थांबलेल्या ट्रकवाल्याला सुद्धा विचारलं!

घरी आलो. पोरगी दोरीवर कपडे वाळू घालायली होती. म्हणलं, "बाई, त्या माकणीच्या स्थळाचं… व्हय का न्हाय?" मागं वळून सुद्धा बघितलं न्हाय तिनं. "न्हाय बाबा. नोकरी सोडून न्हाय. किती दिस वाट बघायले, मला कुनी विचारतंय का म्हणून."

लगेच फोन लावला माकणीला. धीर केला, श्वास घेतला, आन् तोंडातनं काय निघावं? "पाव्हणं, पत्त्यात न्हाय निघालं!" म्हणलं, पोपटासारखं पत्त्यावर ढकलून मोकळं व्हावं. तर शांतलिंगराव म्हणतात कसे, "हात्तिच्या! मग परत पिसा की! सांजच्याला आमी चार माणसं येतो, समोरच पिसू!"

आता? आमच्या घरात पत्त्याचा कॅटच न्हाय. दैवशालेनं पोह्याला कांदा चिरायला घेतलाय. आन् पोरगी म्हणती, "बाबा, आता तुमच्यानं तोंडानं सांगणं हुईत न्हाय, ते मला कळलं. पन पिसायच्या आधी तेवढे बदाम काढून ठेवा."

तर मंडळी, कुनाकडं पत्त्याचा कॅट असंल तर द्या बाबांनो, सांजपुरता… बदाम राहू द्या तुमच्यापाशीच.