आधी कुठलं काढू

—नाही हो दादा, चहाबिहा काही सांडला नाही त्याच्यावर. पडलाही नाही. तापला. म्हणजे तापवला, मीच. हसू नका. सातवीच्या मुलींना भूगोल शिकवते मी, उन्हानं जमीन कशी तापते ते फळ्यावर बाण काढून दाखवते, आणि घरी चालू लॅपटॉप गाद्यांच्या चवडीत घालून ठेवते! पेटीवरच्या चवडीत, हो. तुमच्याही घरी असेलच, बायकोबरोबर माहेरून आलेली—त्यातल्या अगदी खालच्या दोन, ज्या पाहुण्यांनासुद्धा कुणी काढत नाही, त्यांच्यामध्ये. दाराची बेल वाजली, नारीनहून, गावाकडून सासूबाई, तेही सांगितल्याच्या एक दिवस आधी, आणि मी दिला सरकवून. झाकण लावलं की झोपतो, ठाऊक आहे मला. माझा नाही झोपत. मीच तसं करून ठेवलंय, प्रश्नपत्रिका छापताना मध्येच बंद पडायचा म्हणून. संध्याकाळी हात घातला तर गादी कशी—तंदुरातून आत्ता काढलेल्या नानसारखी. आणि हा गप्प. बटण दाबलं तर एक बारीक दिवा लागतो, तोही उपकार केल्यासारखा.

काय लपवत होते? छे, लपवायचं काय त्यात. शाळेचं होतं सगळं. वर्षाचे गुण, चार तुकड्यांचे, सोमवारी द्यायचेत. नाही दिले तर मुख्याध्यापिकाबाई मला उभी सोलतील, आणि एर्मेक—माझा नवरा—म्हणेल, मास्तरीण असून वहीत एक प्रत ठेवता येत नाही? बरोबरच आहे त्याचं. नाही ठेवता येत. अरे, ओढू नको रे काकांची वायर—पाच महिन्यांचा आहे, दादा, हातात येईल ते तोंडात. ही डिस्क ना? काढून तुमच्या मशीनला जोडलीत, मग आता येईल की सगळं? मान का हलवताय? हा खटखट आवाज चांगला की वाईट? वाईट. किती दम आहे तिच्यात—तास? त्याहून कमी? म्हणजे एक फोल्डर निघालं तरी दुसरं निघेलच असं नाही. आधी कुठलं काढू, असं विचारताय तुम्ही मला.

गुण. गुणच काढा.

थांबा—थांबा ना, एक मिनिट. ‘जुने नकाशे’ असं एक फोल्डर आहे. ते आधी. गुण मग. नकाशे नाहीत हो त्यात, तुम्हाला कळलंच असेल, नकाशे कोण गाद्यांत लपवतं? एक व्हिडिओ आहे. एकच. माझ्या मुलीचा. हा कडेवरचा नाही, हा तिच्या पाठचा—बेगिमायचा, थोरलीचा. ती नारीनला असते. पहिलं मूल ना, दिलं आम्ही सासू-सासऱ्यांना, वर्षाची झाली, पाऊल टाकायला लागली, पायाला दोरी बांधून कापायचा तो समारंभ केला आणि दिली. रीतच आहे, तुम्हाला काय सांगायचं. तुम्हीही आजीकडेच वाढलात? मग झालं तर. तुम्ही हाक कुणाला मारायचात—जाऊ द्या, नाही विचारत. मी राजीखुशीनं दिली हं. कुणी हिसकावून नाही नेली. सासूबाईंनी फुलासारखी वाढवलीय, माझ्याच्यानं झालं नसतं तसं, मी ही अशी, भाजी करपवणारी, लॅपटॉप शिजवणारी. आता पाच वर्षांची आहे. त्यांना आई म्हणते. एर्मेकला दादा म्हणते. आणि मला वहिनी. ‘वहिनी, माझी वेणी घाला ना.’ घालते मी. घट्ट घालते, लवकर सुटू नये म्हणून, मग ओरडते बिचारी.

आणि त्या व्हिडिओत ती मला आई म्हणाली. एकदाच, अकरा महिन्यांची असताना, तोंडात नानचा तुकडा कोंबलेला आणि मधूनच ‘आई’. फोनवरचा मी पुसून टाकला—सासूबाई म्हणाल्या, तू इकडे आठवण काढत बसलीस की तिकडे पोर दचकून उठते. खरं असेल, नसेल, पण मला वाटायला लागलं ना तसं. पुसला. इंटरनेटवर ठेवावा तर एर्मेकच्या फोनवर लगेच दिसतो. तर म्हटलं, इथं राहू दे एक, नकाशांत. महिन्यातून एकदा बघते. बरं, दोनदा. त्या दिवशीही तेच बघत होते, बेल वाजली तेव्हा. तुम्ही हे कुणाला—हो, तुम्ही कशाला सांगाल. लवकर करा एवढंच म्हणते, सासूबाई आणि बेगिमाय खालच्या मजल्यावर बूट बघतायत, मग वर येतील मला न्यायला.

सापडलं? हेच, हेच! अजून उतरवून नाही घेतलंत ना, नुसतं उघडून बघताय? बघा, बघा हाच का ते—अगं बाई, दिसतंय की सगळं! तो निळा टेबलक्लॉथ. आवाज कमी करा हो, जरा कमी—ऐकलंत? ऐकलंत ना तुम्ही? मला वाटायचं मीच मनानं ऐकते—

अय्या, बेगिमाय! तू एकटीच कशी वर आलीस? आई कुठे? जिन्यात? बरं. बूट छान आहेत गं, चालून दाखव बघू. हे? हे होय—हे बाळ आहे एक. यांच्या गिऱ्हाइकाचं. हो ना, तोंड किती भरलंय वेडीचं. कुणाला हाक मारतेय? मला काय माहीत, राणी. तिच्या आईला मारत असेल. ती? ती नाही दिसत, ती फोन धरून उभी आहे ना समोर.

या आई, या, दमलात, इथं टेका. झालंच, गुण काढतायत शाळेचे. हे कुणा दुसऱ्याचं आहे, चुकून उघडलं यांच्याकडून—बंद करा ना, दादा. नाही, उतरवून नका घेऊ. माझं नाही ते. गुण काढा आधी, चार तुकड्यांचे. असं काय बघताय? बंद करा म्हटलं ना.